वाह पेडल कुठलं घ्यावं? बजेट आठ ते दहा हजार

तारछेड
मंडळी नमस्कार. तीन वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.
फोंड्याला राहतो, नोकरी कुंडईला, संध्याकाळी गिटार. आमचा पाचसहा जणांचा ग्रुप आहे, अभंग आणि नाट्यगीतं जरा वेगळ्या ढंगात वाजवतो. सामान साधंच, स्ट्रॅट गिटारची कॉपी, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारं पेडल), एक डिले (प्रतिध्वनी देणारं), पंधरा वॅटचा अँप. आता वाह, म्हणजे पायाने हलवून गिटारचा आवाज ‘वा-वा’ करणारं पेडल, घ्यायचं डोक्यात बसलंय. पणजीत एका दुकानात क्राय बेबी नावाचं वाह काचेआड दिसलं, जरा पाय ठेवून बघतो म्हटलं तर म्हणाला बॉक्स उघडला की घ्यावं लागेल. म्हणजे चपला बघून बूट घ्यायचे, पायात न घालता!
तर प्रश्न: क्राय बेबी की व्हॉक्स? ते छोटं मिनी मिळतं ते बरं का? आणि ओव्हरड्राइव्हच्या आधी लावायचं की नंतर? सेकंडहँडही चालेल.

शुक्रवारचा_बाजार
क्राय बेबी जीसीबी ९५ घे आणि मोकळा हो. धागा बंद.

उराक_उत्सुक
बंद कसला, आत्ता कुठे पहिली धार पडतेय.

नॉइजगेट
@शुक्रवारचा_बाजार, इतकं सोपं नाहीये. जीसीबी ९५ चा आवाज पंज्याकडे दाबल्यावर चांगलाच कर्कश होतो, सिंगल कॉइल पिकअपवर (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक) तर कान किटतात. आणि धागाकर्त्याकडे स्ट्रॅट आहे, म्हणजे तेच. व्हॉक्सचं व्ही ८४७ त्या मानाने मऊ वाटतं, बोलल्यासारखं. हा फरक कशाने पडतो तर आतल्या इंडक्टरने (तारेचं वेटोळं), दोनचार रेझिस्टरच्या किमतींनी आणि मग तुमच्या पिकअपने, अँपने. मूळ सर्किट दोन्हीकडे जवळपास तेच, दोन ट्रान्झिस्टर, एक इंडक्टर, एक पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर). एकाच आईची लेकरं आहेत ती.
थोडे पैसे वाढवता आले तर क्राय बेबीचंच ५३५क्यू बघ. त्यात रेंज निवडायला सहा जागा आहेत आणि क्यूचा नॉब आहे. क्यू म्हणजे तो आवाजाचा डोंगर किती टोकदार हवा ते. टोकदार केला की स्पष्ट ‘वा’ ऐकू येतं, पसरट केला की नुसता रंग बदलल्यासारखं वाटतं. अभंगाला पसरट बरा.

शुक्रवारचा_बाजार
आला इंडक्टर घेऊन. तीस वर्षं वाजवतोय, लोकांना पायाखाली काय आहे ते कळत नाही, पाय कळतो.

नॉइजगेट
तीस वर्षं एकाच पेडलवर काढली की असंच वाटतं. हलके घ्या.

कुळागर
वाचतोय पण एक बावळट प्रश्न. वाह म्हणजे नक्की काय? मी सतार शिकलो दोन वर्षं, पेडल म्हटलं की मला हार्मोनियमचंच आठवतं.

पितळी_भोंगा
@कुळागर, प्रश्न अजिबात बावळट नाही. तोंडाने ‘ऊ’ म्हण आणि हळूहळू ‘आ’ कर, मग परत ‘ऊ’. गळ्यातला सूर तोच राहतो ना, ओठ उघडतात तसा वरचा भाग बाहेर पडतो. वाह पेडल गिटारच्या आवाजाला हेच ओठ लावतं. एक फिल्टर असतो, तो ठराविक जागी आवाज फुगवतो, टाच खाली दाबली की ती जागा साडेचारशे हर्ट्झच्या आसपास, पंजा दाबला की सरकत दोन हजाराच्या आसपास जाते, पेडलप्रमाणे थोडं इकडेतिकडे.
आणि नाव कुठून आलं ते सांगायला मला विशेष आनंद होतो कारण मी ट्रम्पेटवाला. ट्रम्पेटच्या तोंडावर आम्ही रबरी प्लंजर धरतो, हो तोच, मोरीतला, दांडा काढून. तो उघडझाप केला की वाह वाह असा आवाज निघतो. १९६६ साली कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनियर व्हॉक्सच्या अँपमधला मधल्या पट्टीचा स्विच स्वस्तात बसवायचा म्हणून त्याजागी पॉट लावून बघत होता. फिरवल्यावर हा आवाज आला. तो पॉट ऑर्गनच्या व्हॉल्युम पेडलच्या सांगाड्यात बसवला आणि झालं पेडल. १९६७ मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यावर क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवाल्याचं नाव होतं. गिटारवाल्यांनी आमच्याकडून उचललं, परत दिलं नाही.

कुळागर
देव बरें करूं. आत्ताच बाल्कनीत ऊ-आ करून बघितलं, शेजारच्या काकी बाहेर आल्या.

मांडवीकाठ
माझं मत वेगळं. आठ-दहा हजारात नुसतं एकच पेडल कशाला? पायाची पट्टी असलेला मल्टी इफेक्ट येतो, झूमचा जी१एक्स फोर वगैरे. वाह पण मिळतो, डिले पण, ट्यूनर पण, तालही मिळतो. मी ताळगावला भाड्याच्या खोलीत राहतो, हेडफोन लावून रात्री बाराला वाजवतो, कोणाचं काही जात नाही.

शुक्रवारचा_बाजार
त्याची पट्टी इवलीशी असते. वहाण ठेवली तर अर्धी बाहेर.

मांडवीकाठ
अनवाणी वाजवा. कार्यक्रम देवळात आहे ना.

चौथी_तार
मी बेसवाली, माझा सल्ला अर्धाच घ्या. गिटारचं वाह बेसवर लावलं की खालचा सूरच गायब होतो, म्हणून मी बेसचं वेगळं घेतलं, १०५क्यू. त्यातलं मला आवडलेलं म्हणजे पाय ठेवला की चालू, उचलला की बंद, खाली स्विच शोधायची कटकट नाही. मोर्ले कंपनीच्या काही मॉडेलमध्येही असंच स्प्रिंगचं असतं. आणि मोर्लेमध्ये पॉटच नाही, उजेडावर चालतं, म्हणजे पाटी हलली की आत एका सेन्सरवर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो. घासणारा भागच नाही म्हणून खरखर नाही. फक्त आकाराने दांडगं, बॅगेत गेलं की जेवणाचा डबा बाहेर.

सोल्डरबाबा
उशीर झाला यायला. मडगावला माझं रिपेरिंगचं टेबल आहे त्यामुळे ब्रँडच्या भांडणात मी पडत नाही, माझ्याकडे सगळेच येतात. बहुतेक जूननंतर.
चौथी_तार यांनी खरखरीचा विषय काढला तोच गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं मत. क्राय बेबी काय नि व्हॉक्स काय, पोटात १०० के चा पॉट, त्याच्या दांड्यावर छोटं दातेरी चाक, आणि वरची पाटी हलली की एक दातेरी पट्टी खालीवर होऊन ते चाक फिरवते. पॉट बंद दिसतो पण हवाबंद नसतो. आपली दमट हवा, किनाऱ्यावरच्या शॅकमधली वाळू, पायाची माती, सगळं आत. मग पाय हलवला की सुरासोबत ‘खर्र’. पॉट काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष निघतं, नाहीतर बदलायचा. पण घरातलं तेल घालू नका. मागे एक मुलगा पेडल घेऊन आला, भावाने सायकलच्या चेनचं तेल ओतलं होतं. आत सगळा चिकट काळा लगदा, त्यात दोन झुरळं. दुसऱ्या एकात बॅटरीच्या खणात मुंग्यांनी अंडी घातलेली. वाजवणाऱ्याची तक्रार होती की ‘टोन जरा डल आलाय’.
सेकंडहँड बघायला जाल तेव्हा: आधी गिटार न वाजवता, अँप थोडा मोठा करून पाटी टाचेपासून पंज्यापर्यंत हळू, अगदी हळू न्या. खर्र आलं तर पाचसातशे कमी मागा. मग स्विच दहाबारा वेळा दाबा, तो पंज्याखाली असतो, जोर लावून दाबावा लागतो, नवीन माणसाला वाटतं बिघडलाय. पेडल उलटं करून स्क्रू गंजलेत का बघा, बॅटरीचं झाकण उघडून हिरवं-पांढरं काही साचलंय का बघा. शेवटी पाटी मधे ठेवून पाय काढा, जिथल्या तिथे राहिली पाहिजे. पडत असेल तरी घाबरायचं कारण नाही, कुशीला घर्षण वाढवायचा स्क्रू असतो, दोन मिनिटांचं काम.

उराक_उत्सुक
दोन झुरळं म्हणजे ट्रू बायपास की बफर्ड?

नॉइजगेट
बाबांच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. बायपासचा विषय निघालाच आहे तर, जुन्या वाहमध्ये स्विच बंद केला तरी सर्किट गिटारला चिकटलेलंच राहतं. स्विच फक्त बाहेर जाणारी वाट बदलतो. त्यामुळे बंद असतानाही वरचा चकाकीचा भाग थोडा खाल्ला जातो. नव्या जीसीबी ९५ मध्ये पुढे बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारं छोटं सर्किट) टाकलाय म्हणून हे कमी होतं. मिनीत तर ट्रू बायपास आहे, म्हणजे बंद केलं की सर्किट पूर्ण बाजूला, आणि फासेल जातीचा इंडक्टर, शिवाय आत तीन आवाजांचा छोटा स्विच. माझं जुनं मत बदलतो, जागा कमी असेल तर मिनी घ्यावं. फक्त पाटी आखूड म्हणजे पायाची हालचालही आखूड, बारीक कामाला सवय लागते. बॅटरी बसत नाही, अॅडॅप्टरच.

शुक्रवारचा_बाजार
आणि वीज गेली की?

नॉइजगेट
वीज गेली की अँपही जातो ना हो!

शुक्रवारचा_बाजार
बरं, ते पटलं.

आजोळ_डिचोली
अॅडॅप्टरवरून आठवलं. साखळीला एका कार्यक्रमात माझं वाह चालू केलं की ‘हंऽऽ’ असा बोंबललेला आवाज यायचा, बंद केलं की शांत. केबल बदलल्या, अर्थिंग बघितलं, साउंडवाल्याशी वाद झाला, तो म्हणे तुमची गिटार खराब, मी म्हणे तुमची लाईन खराब. शेवटी कंटाळून पेडल आडवं सरकवलं तर हं गायब. बाजूला मल्टी अॅडॅप्टरचा जाडजूड ठोकळा पडला होता, त्याच्यातल्या ट्रान्सफॉर्मरची कुरकुर पेडल उचलत होतं. परत सरळ केलं, परत हं. दहा मिनिटं सगळे मागे थांबलेले आणि मी पेडल फिरवतोय, होकायंत्र असल्यासारखं.

सोल्डरबाबा
बरोबर. इंडक्टर म्हणजे तारेचं वेटोळंच, जवळ ट्रान्सफॉर्मर असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. हातभर लांब ठेवा.
अजून एक, बॅटरीवर चालवणाऱ्यांनी वाजवून झालं की इनपुटची केबल काढायची. पिन आत असली की बॅटरी चालूच, स्विच बंद असो नाहीतर चालू.

मांडवीकाठ
मूळ प्रश्नातलं ‘आधी की नंतर’ राहिलंच की. ओव्हरड्राइव्हच्या आधी लावलं तर बोलल्यासारखं, नंतर लावलं तर सिंथसारखं, सगळंच डुलतं. बहुतेक लोक आधी लावतात. मी मल्टीत दोन्ही करून बघतो, केबलला हात न लावता. एवढंच म्हणतो.

शुक्रवारचा_बाजार
आधीच. फक्त फझ (आवाज अजूनच फाडणारं पेडल) असेल तर सांभाळा, जुन्या पद्धतीचा फझ वाहच्या पुढे... म्हणजे मागे... म्हणजे सिग्नलमध्ये वाहनंतर आला की वाह मरतं नाहीतर शिट्टी मारतं.

नॉइजगेट
पहिल्यांदा आपलं एकमत. तारखेची नोंद घ्या.

तारछेड
बापरे, किती लिहिलंत. मनापासून आभार सगळ्यांचे. बाबांची यादी लिहून घेतली. साधारण क्राय बेबी सेकंडहँड किंवा मिनी यावर आलोय.
एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली, त्याने काही फरक पडेल का माहीत नाही. आम्ही बैठकीत वाजवतो. म्हणजे जाजमावर. मांडी घालून.

उराक_उत्सुक
😂😂😂

चौथी_तार
अरे!!!

शुक्रवारचा_बाजार
इतका वेळ आम्ही पायाबद्दल बोलतोय आणि ह्या गृहस्थाला पायच नाहीत.

मांडवीकाठ
अजूनही मी म्हणतो मल्टी घे, पण आता मलाच पटत नाहीये.

उराक_उत्सुक
आदोळीवर बस. वाह पण होईल, सोलकढीला नारळही किसून होईल.

आजोळ_डिचोली
हसा, पण मी असं केलंय. एक पाय मांडीत आणि एक पुढे पसरून. अर्ध्या तासाने पाय झोपला आणि उठताना तबलेवाल्यावर पडलो.

चौथी_तार
आता गंभीरपणे. मग तुला ऑटो वाह हवंय, एन्व्हलप फिल्टर म्हणतात ते. १९७२ चं म्यू-ट्रॉन ३ हे त्यातलं गाजलेलं. त्यात पायाचं काम हाताकडे जातं, जोरात छेडलं की फिल्टर उघडतो, हलकं छेडलं की बंद. सेन्सिटिव्हिटीचा नॉब आपल्या हाताला जुळवून घ्यावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस जातो. पण हे ओव्हरड्राइव्हच्या आधीच लाव, कारण ड्राइव्ह सगळे आवाज एका उंचीचे करून टाकतो, मग फिल्टरला जोरात काय नि हळू काय कळतच नाही.

नॉइजगेट
ऑटोचा तोटा असा की लयीच्या प्रत्येक ठोक्याला ते ‘क्वॅक’ करणारच. भजनाचा ठेका चढला की दर मात्रेला बदक.

पितळी_भोंगा
तारछेडबाब, तुमच्या ग्रुपमध्ये घुमट, आपलं मातीचं वाद्य, आहे का हो?

तारछेड
आहे तर. घुमट, शमेळ (काठ्यांनी वाजवायचं), कांसाळें (झांजा) तिन्ही. मी घुमटवाल्याच्या शेजारीच बसतो.

पितळी_भोंगा
मग त्याचा डावा हात बघा. उजवा चामड्यावर वाजतो, सगळ्यांचं लक्ष तिकडे. पण मागचं उघडं तोंड तो डाव्या तळव्याने झाकतो, उघडतो, अर्धं ठेवतो, त्याने आतली हवा कोंडते नाहीतर सुटते आणि ‘घुम्म’चा ‘घूंऽवं’ होतो. तेच माझ्या ट्रम्पेटचं, तेच तुमच्या पेडलचं. मातीच्या भांड्याचं वाह आहे ते, बॅटरी लागत नाही. आता तो दर ठोक्याला हात हलवतो का? नाही. चार आवर्तनं तसाच धरून ठेवतो आणि सम यायच्या जरा आधी सोडतो. पेडल घ्याल तेव्हा तेवढंच चोरा.

कुळागर
अवांतर: घुमटाचं चामडं आता कशाचं असतं? आजोबांच्या घुमटाला घोरपडीचं होतं.

आजोळ_डिचोली
घोरपडीवर बंदी आहे, वन्यजीव कायदा १९७२. आता बकरीचं. जुने लोक म्हणतात पूर्वीचा नाद नाही. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं तेही बकरीच्याच चामड्यावर.

उराक_उत्सुक
धागा वाह पेडलवरून घोरपडीवर आलाय, शतक नक्की.

नॉइजगेट
भोंगासाहेबांनी जे सांगितलं त्याला गिटारमध्येही परंपरा आहे. पेडल चालू करून मधे कुठेतरी थांबवायचं आणि हलवायचंच नाही. रॉकवाला गिटारिस्ट मायकल शेंकर असं वाजवायचा, नाकातून गायल्यासारखा सोलो. आणि बैठकीला तर हे सगळ्यात सोयीचं, हाताने पाटी हवी तिथे लाव, वाजव, संपलं की बंद कर.
पण एक लक्षात ठेव, वाहचा फुगवटा जिथे फिरतो तिथेच गाणाऱ्याचा गळा असतो आणि हार्मोनियमही. बुवा गात असताना वाह चालू ठेवलंस तर तू त्यांच्या तोंडावर हात ठेवतोयस. मधल्या जागांत वाजव.

सोल्डरबाबा
हाताने लावायचं असेल तर पाटी घट्ट हवी. मिनीपेक्षा मोठंच घे, हाताला धरायला बरं. आणि बसायला बुटकं स्टूल बघ, टाच जमिनीला आणि गुडघा काटकोनात आला की मांडी घातलेल्या बाकीच्या लोकांपेक्षा तू वीतभरच उंच दिसशील. घुमटवाल्याच्या मागे बस, दिसणारही नाहीस.

(सोळा दिवसांनी)

तारछेड
धागा वर काढतोय, रिपोर्ट द्यायचा होता.
म्हापशात एकाकडे जीसीबी ९५ मिळालं, साडेपाच हजार. बाबांनी सांगितलं तसं हळूहळू हलवून बघितलं, मधे एका जागी खर्र आलं, सहाशे कमी करून घेतले. सुताराकडून नऊ इंचाचं स्टूल करून घेतलं, आईने त्यावर उशीचा अभ्रा शिवलाय, निळ्या फुलांचा, त्याबद्दल प्रश्न नकोत.
गेल्या गुरुवारी तालीम होती. पहिल्या अभंगाला मी उत्साहात पाय हलवत सुटलो. बुवांनी गाता गाता दोनदा मागे बघितलं. संपल्यावर म्हणाले, बाहेर मांजर आलंय वाटतं, कोणीतरी दूध ठेवा त्याला. सगळे हसले, मीही हसलो, पण कान गरम झाले.
मग दुसऱ्याला पेडल हाताने अर्ध्याच्या जरा खाली लावलं आणि पायच ठेवला नाही. बुवा गात होते तोवर बंद, आणि कडव्यांच्या मधे फक्त दोन ओळी. घुमटवाल्याचा डावा हात बघत होतो, त्याने तळवा उघडला की मी वाजवायचो. बुवांनी मागे बघितलं नाही. घुमटवाल्याने बघितलं, आणि पुढच्या वेळी तो थांबला माझ्यासाठी, अर्धी मात्रा, मग उघडला.
तिसऱ्या गाण्याला परत गडबड झाली कारण पाटी आपोआप टाचेवर पडली.

चौथी_तार
निळ्या फुलांचा फोटो टाक. बाकी वाह.

शुक्रवारचा_बाजार
पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. जीसीबी ९५.

नॉइजगेट
न हलवता वापरायचं म्हणून नव्हतं सांगितलं.

तारछेड
@सोल्डरबाबा, तो कुशीचा स्क्रू मला सापडला पण फिरत नाहीये, गंजलाय. मडगावला आणून दिलं तर चालेल का? कुठल्या वारी असता?

सोल्डरबाबा
सोमवार सोडून रोज, चारनंतर. जोर लावू नकोस, डोकं घासलं तर काम वाढेल. आणि तोवर कृपा करून तेल घालू नकोस.

तारछेड
...कालच घातलं.